पोटावर हात ठेवलेला मूळपुरुष

गावाचा मूळपुरुष पोटावर हात ठेवून उभा आहे, यात गावात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. शाळेतली पोरं प्रतिज्ञा म्हणताना हात पोटावर ठेवत. नव्याने आलेल्या एका मास्तरांनी तो हात जरा वर, छातीपर्यंत सरकवायला सांगितला, तर पालकांचा मोर्चा निघाला आणि मास्तरांची बदली झाली. नगरपालिकेच्या शिक्क्यावर, पाणीपट्टीच्या पावतीवर, कचऱ्याच्या गाडीवर, सगळीकडे तेच चित्र: भरघोस मिशांचा एक गृहस्थ, कपाळावर आठ्या, ओठ घट्ट आवळलेले आणि डावा हात पोटावर.

त्या आठ्यांचा अर्थ गावात एकाच व्यक्तीने लावला होता आणि छापूनही टाकला होता. ती व्यक्ती म्हणजे संपादकबाई.

बाई गावचं एकुलतं एक साप्ताहिक चालवायच्या आणि उरलेल्या वेळात गावचा इतिहास लिहायच्या. बातमी नसली की त्या इतिहास छापत, आणि इतिहासाला पुरावा सापडला नाही की ‘पुरावा सापडला नाही’ ही बातमी छापत. त्यांचं पुस्तकही होतं, ‘आपलं गाव: काल, परवा आणि तेरवा’. त्यात ‘उद्या’ नव्हता, कारण उद्याचा पुरावा मिळत नाही. मूळपुरुषाच्या चित्रावर त्यात एक अख्खं प्रकरण होतं, आणि त्यातलं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं: ‘ही वेदना एका द्रष्ट्याची आहे, पोटावरचा हात सांगतो, की गावाची भूक त्याने आपली मानली.’

मूळपुरुषाची गोष्ट मात्र खरी होती. तो टपालगाडी हाकायचा. इथे, उजाड माळावर, त्याच्या गाडीचं चाक मोडलं. वरून निरोप आला, टपाल डोक्यावर घे आणि चालत ये. त्याने उलट निरोप पाठवला, चाक पाठवा. चाक आलं नाही आणि तो हलला नाही. मोडक्या चाकावर बसून राहिला. लोकांना आपापलं टपाल घ्यायला तिथवर यावं लागे. येणाऱ्यांसाठी कोणी चहाची टपरी टाकली, टपरीवाल्याला सोबत म्हणून न्हावी आला, न्हाव्याशी भांडायला दुसरा न्हावी आला, आणि बघता बघता गाव वसलं. पुढे रस्ता बांधणाऱ्यांनी त्याला जरा बाजूला सरकायला सांगितलं. तो तेव्हाही हलला नाही, म्हणून तर गावातला मोठा रस्ता आजही भर चौकात, समोर काही नसताना, वळसा घेऊन जातो. वाहनं त्या वळणावर घसरतात आणि गाव अभिमानाने बघत उभं राहतं.

साप्ताहिकाची कचेरी त्याच वळणावर, नगरपालिकेच्या गाळ्यात होती. खाली छापखाना, वर माळ्यावर आत्या.

आत्या म्हणजे बाईंची सख्खी आत्या. साप्ताहिक मूळ तिचं. बातमी तिने लिहायची, खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, तिने जुळवायचे, यंत्र तिने चालवायचं आणि अंक हातात देऊन ‘वाचा’ असा दमही तिनेच भरायचा. आता तिला ऐकू कमी यायचं, पण ते तिच्या सोयीने. आतली पानं बाई संगणकावर करू लागल्या होत्या, पण पहिलं पान आत्या अजून स्वतः खिळ्यांनी जुळवायची. “संगणकात चूक दिसत नाही,” ती म्हणे, “खिळा उलटा लागला की बोटाला कळतं.”

आणि आत्याचा एक नियम होता, जो साप्ताहिकाच्या नावाखालीच छापलेला असे: चूक ज्या जागी, दुरुस्ती त्या जागी, चूक जेवढी, दुरुस्ती तेवढी. एकदा चौकातल्या शिंप्याच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर, काळ्या चौकटीत छापून गेली. शिंपी त्या वेळी बाह्या शिवत होता. पुढच्या शनिवारी पहिल्या पानावर तेवढ्याच काळ्या चौकटीत आलं: ‘शिंपी जिवंत आहेत. त्यांच्या कुटुंबीयांच्या भावनांत आम्ही सहभागी आहोत.’ शिंप्याने दोन्ही अंक चौकटीत घालून दुकानात लावले होते. गिऱ्हाईक उधारी मागू लागलं की तो पहिल्याकडे बोट दाखवायचा.

तर नगराध्यक्षांनी मूळपुरुषाचा पुतळा उभारायचं ठरवलं. ते स्वतःला मूळपुरुषाचे पणतू म्हणवत आणि पुरावा म्हणून तशाच मिशा राखत. निवडणूक तोंडावर होती. पुतळा तयार होऊन चौकात कापडाखाली उभाही राहिला. अनावरण रविवारी, त्याच समारंभात बाईंना ‘इतिहासरत्न’ पुरस्कार, आणि आदल्या दिवशी, शनिवारी, साप्ताहिकाचा विशेषांक.

विशेषांकासाठी बाईंना चित्र मोठं आणि स्वच्छ हवं होतं. ते चित्र पहिल्यांदा छापलं गेलं ते आत्याच्या उमेदीच्या काळात, गावाच्या वाढदिवसाच्या अंकात. म्हणजे त्याचा ब्लॉक, लाकडी ठोकळ्यावर ठोकलेली ती धातूची पट्टी, छापखान्यात कुठेतरी असणार. मंगळवारी दुपारी बाईंनी माळ्याच्या जिन्याखालची पेटी उपसली. मोडके खिळे, वाळलेली शाई, एका पुढाऱ्याचे पाच ब्लॉक (पाच पक्षांच्या पाच टोप्यांत), आणि तळाशी सुतळीने एकमेकांना बांधलेले दोन ठोकळे.

बाईंनी दोन्हींना शाई लावली आणि कागदावर दाबले.

पहिल्या कागदावर मूळपुरुष उमटला. आठ्या, मिशा, पोटावर हात.

दुसऱ्या कागदावरही मूळपुरुषच उमटला. पण तो हसत होता. एका हातात डबा होता, दुसऱ्या हाताने तो दंड फुगवून दाखवत होता.

बाईंनी ठोकळे उलटे केले. पहिल्याच्या पाठीवर कोरलं होतं ‘आधी’. दुसऱ्याच्या पाठीवर ‘नंतर’.

बाई तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसल्या. नकळत त्यांनी डावा हात पोटावर ठेवला.

आत्याला खालून हाक मारावी लागली नाही. पेटी उघडल्याचा आवाज तिला बरोबर ऐकू आला होता. ती जिना उतरून आली, चष्मा पुसला, दोन्ही कागद हातात घेतले.

“हा तर पोटाच्या पुडीचा माणूस,” आत्या म्हणाली. “औषधवाल्याच्या बापाने जाहिरात दिली होती. शहरातून तयार ब्लॉक आणले होते. आधी असा, नंतर तसा.”

“मग हा मूळपुरुष कसा झाला?”

“मी कशाला करीन याला मूळपुरुष? माझ्या हातून असली चूक होणं शक्य नाही.”

“आत्या, वाढदिवसाच्या अंकात पहिल्या पानावर हाच आहे.”

आत्याने कागद खिडकीशी नेला. बराच वेळ बघितला. मग परत येऊन म्हणाली, “झाली.”

“काय झाली?”

“चूक, दुसरं काय! याचा आणि मूळपुरुषाचा, दोन्ही ठोकळे एका मापाचे. मूळपुरुषाचा जाहिरातीत बसवला आणि हा पहिल्या पानावर. त्या दिवशी यंत्राचा पट्टा तुटला होता, मी पट्ट्याकडे बघत होते.” तिने चष्मा काढला. “आता छाप.”

“काय छापू?”

“बहिरी मी आहे का तू? दुरुस्ती.”

बाई औषधाच्या दुकानात गेल्या. औषधवाल्याचा धंदा अजून त्याच पुडीवर चालायचा. गावात प्रत्येक घरात, मोरीवरच्या फळीवर, त्या पुडीचा पिवळा डबा असायचाच, आणि डब्यावर नखाएवढ्या चित्रात एक टक्कल पडलेला, कावलेला माणूस.

“हा कोण हो?” बाईंनी डबा उचलून विचारलं.

“कोणास ठाऊक. जाहिरातीत चुकून दुसराच आला होता, पण बाबा म्हणाले, चेहरा बघ, खरा त्रासलेला माणूस असा दिसतो. खप चौपट झाला. मग तुमच्या आत्याकडून तो ब्लॉकच मागून आणला. आम्हाला वाटलं, तुमच्याच घरातलं कोणी आजारी असेल.”

“आहे का तो ब्लॉक?”

होता. वजनकाट्याखाली, काटा डगमगू नये म्हणून सरकवलेला. बाईंनी तिथल्या तिथे खडूची भुकटी चोळली आणि चित्र वर आलं. डब्यावर ज्याला गाव आजवर आतड्याची आकृती समजत होतं ते चाक होतं. मोडलेलं. त्यावर हाताची घडी घालून एक किरकोळ, टकला माणूस बसला होता आणि फोटो काढणाऱ्याकडे असा बघत होता, जणू चाक त्यानेच आणायचं होतं.

पोटावर हात नव्हता. मिशा नव्हत्या. द्रष्टेपणा तर औषधालाही नव्हता.

“अरे देवा,” औषधवाला म्हणाला. तो डब्याकडे बघत होता. “म्हणजे हे... आम्ही ह्यांच्या नावाने आजवर...?”

“दिवसातून दोनदा,” बाई म्हणाल्या.

बातमी संध्याकाळपर्यंत नगराध्यक्षांच्या कानावर गेली, कारण औषधवाल्याच्या पोटात पूडसुद्धा राहत नसे. नगराध्यक्ष स्वतः छापखान्यात आले. आल्या आल्या त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि भिंतीवरचं काहीतरी बघायला लागले. भिंतीवर काही नव्हतं.

“बाई, इतिहास म्हणजे काय?”

“तुम्हीच सांगा.”

“लोकांना जो आवडतो तो. आता तुमचा तो टकलू. त्याच्यासमोर पोरं प्रतिज्ञा घेतील? त्याचा पुतळा कोण बघेल? बसलेला माणूस! गाव उभं राहायला प्रेरणा लागते.”

“तो बसला म्हणूनच गाव उभं राहिलं.”

“वा! हे वाक्य भाषणात घेतो. पण छापू नका.” ते स्टूल ओढून बसले. “हे बघा, मी काही हुकूमशहा नाही. दुरुस्ती छापा की. शेवटच्या पानावर, ‘हरवले-सापडले’च्या खाली. बारीक. तिथे कोण वाचतंय? तुमचा पुरस्कार रविवारी होऊन जाईल. पुस्तकाची दुसरी आवृत्ती नगरपालिका काढेल. सगळं गुण्यागोविंदाने.”

आत कुठेतरी बाईंना ते ‘बारीक’ आवडलं होतं. चूक आत्याची होती, पण त्या चुकीवर अख्खं प्रकरण बाईंनी रचलं होतं. अपचनात द्रष्टा बघणारी बाई म्हणून गाव आयुष्यभर हसणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनाही माहीत होतं.

“काय म्हणतात ते?” आत्याने माळ्यावरून विचारलं.

“दुरुस्ती शेवटच्या पानावर घ्या म्हणतात,” बाई ओरडून म्हणाल्या.

“चूक शेवटच्या पानावर होती का?”

“नाही.”

“मग? एवढं विचारायला स्टूल लागतं?”

बाईंना हसू आलं, आणि हसू आलं तशी भीतीही उतरली. “अध्यक्षसाहेब,” त्या म्हणाल्या, “चूक अख्ख्या पहिल्या पानाची होती. दुरुस्तीही अख्ख्या पहिल्या पानाची होईल.”

नगराध्यक्ष उठले. “गाळा नगरपालिकेचा आहे. स्मारकाला कचेरी लागणारच आहे. सोमवारी सकाळी गाडा आणि माणसं पाठवतो. दुरुस्ती छापायची तर शनिवारी छापा. त्याच्या पुढचा अंक कुठून काढायचा ते तुम्ही बघा.”

“यंत्र जड आहे हो,” आत्या वरून म्हणाली. हे तिला स्पष्ट ऐकू आलं होतं.

शनिवारी अंक निघाला. पहिल्या पानावर चाकावर बसलेला टकला माणूस, आणि वर आत्याच्या हातच्या जाड खिळ्यांत: ‘हा आपला मूळपुरुष. याआधी छापला तो पोटदुखीचा रुग्ण होता. चूक आमची.’ खाली सगळी हकीकत, आणि शेवटी उद्याच्या अनावरणाची दोन ओळींत वार्ता. दुपारपर्यंत अंक संपला. संध्याकाळपर्यंत पिवळे डबेही संपले. लोक दुकानात येऊन डबा डोळ्यांजवळ धरत आणि म्हणत, “नाक आमच्या थोरल्यावर गेलंय.”

रविवारी चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. नगराध्यक्षांनी दोरी ओढली, कापड पडलं. पुतळा मोठा झाला होता. वेदनाही त्या मानाने मोठी झाली होती. कोणी टाळी वाजवली नाही. मग गर्दीतून शिंपी पुढे झाला. एकदा मरून परत आलेला माणूस म्हणून गावात त्याला मान होता. त्याने टोपी काढली, पिवळा डबा पुतळ्याच्या पायाशी ठेवला आणि आदराने म्हणाला, “जेवणानंतर, कोमट पाण्यातून.”

त्या हशात कार्यक्रम वाहून गेला असता, पण पत्रिकेत पुढे ‘इतिहासरत्न’ होतं आणि ते गाळायचं कोणाला सुचलं नव्हतं. निवेदकाने नाव पुकारलं. बाई चढल्या. शाल घेतली नाही, ध्वनिक्षेपक घेतला.

“माझ्या पुस्तकात एक वाक्य आहे, तुम्हाला पाठ आहे,” त्या म्हणाल्या. “ते मी ह्याच चौकात, ह्याच भोंग्यावरून वाचून दाखवलं होतं, म्हणून दुरुस्तीही इथूनच. ही वेदना द्रष्ट्याची नाही. वायूची आहे. मी बघितलं नाही, मी रचलं. आपला माणूस दुसराच होता. त्याला सगळे म्हणाले हल, तो म्हणाला चाक आणा. एवढंच त्याचं चरित्र. ते मला पुरेसं वाटलं नाही, ही माझी चूक. आता पुरतं.”

टाळ्या पडल्या. पुरस्काराचं चिन्ह पोटावर हात ठेवलेलंच होतं. ते त्यांनी नम्रपणे टेबलावर ठेवलं.

सोमवारी सकाळी गाडा आला. सोबत चार मजूर आणि नगराध्यक्ष. बाई दारात स्टूल टाकून, हाताची घडी घालून बसल्या होत्या. आत्या खाली येऊन यंत्राला टेकून उभी होती. इतिहासाला धरून त्या क्षणी गाड्याचं चाक मोडायला हवं होतं. मोडलं नाही. गाडा नवा होता.

पण नगराध्यक्षांचं लक्ष गाड्याकडे नव्हतं. त्यांच्या हातात शनिवारचा अंक होता आणि मिशा खाली आल्या होत्या.

“हे काय छापलंत?” त्यांनी शेवटच्या दोन ओळींवर बोट आपटलं.

बाईंनी वाचलं. ‘रविवारी माजी नगराध्यक्षांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण.’

“माजी?” बाई म्हणाल्या.

“माजी! काल कार्यक्रम संपल्यापासून लोक घरी भेटायला येतायत. वाईट झालं म्हणतात. ड्रायव्हर आला नाही. उपाध्यक्ष खुर्चीचं माप घेऊन गेला. मी सांगतोय, अहो मी आहे, मी अजून आहे! तर म्हणतात, बाईंच्या अंकात आलंय, बाई स्वतःची चूकसुद्धा भोंग्यावरून सांगतात, त्या खोटं छापतील होय? बायको म्हणते, मला आधी का नाही सांगितलंत?”

मजुरांपैकी एकजण हळूच म्हणाला, “म्हणजे हे साहेब नाहीत? मग आपल्याला आणलं कोणी?” आणि चौघेही गाड्याच्या दांड्या सोडून बाजूला झाले.

“आत्ताच्या आत्ता दुरुस्ती छापा,” नगराध्यक्ष म्हणाले.

“छापणार की. नियम आहे.” बाई जागच्या हलल्या नाहीत. “चूक अंकात, दुरुस्ती अंकात. पहिल्या पानावर, तळाला, दोन ओळी. शनिवारी.”

“शनिवारपर्यंत मी माजी राहू?”

“दुसरा उपाय नाही. शिंपी आठवडाभर मेलेला राहिला होता.”

“आणि छापायला यंत्र लागतं,” आत्या म्हणाली. “यंत्राला जागा लागते.”

नगराध्यक्षांनी गाड्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, मग चौकाकडे. तिथे पुतळ्याच्या पायाशी डब्यांची रास लागली होती आणि रस्ता नेहमीसारखा वळसा घेऊन जात होता. “शनिवारपर्यंत,” ते म्हणाले. “फक्त शनिवारपर्यंत.” आणि रिकाम्या गाड्यामागून चालत गेले, कारण ड्रायव्हर आलाच नव्हता.

बाईंनी दार लावून घेतलं.

“आत्या, खरं सांग. माजी तू मुद्दाम जुळवलंस?”

“मुद्दाम?” आत्या भडकली. “आयुष्यात एक चूक मुद्दाम केली नाही मी! लाज नाही वाटत विचारायला? जा, कामं कर.”

शुक्रवारी पहिल्या पानाचं प्रूफ बाईंच्या टेबलावर आलं. तळाशी, ठरल्या जागी, ठरल्या मापात दुरुस्ती होती: ‘गेल्या अंकात नगरपालिकेच्या अध्यक्षांचा उल्लेख माजी असा झाला. ते माजी नसून भावी आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

बाईंनी लाल पेन उचललं. ‘भावी’पाशी नेलं. आत्या पाठमोरी खिळे खणांत परत टाकत होती, एकेक, टक टक, आणि आज तिला अजिबात ऐकू येत नव्हतं.

चूक म्हणावी तर उद्याचा पुरावा मिळत नाही, आणि तक्रार आलीच तर दुरुस्ती पुढच्या शनिवारी, इथूनच. बाईंनी पेन खाली सरकवलं, कोपऱ्यात सही केली आणि स्टूल दारापासून उचलून टेबलापाशी आणलं.

“छाप,” त्या म्हणाल्या.

आत्याला ते ऐकू आलं.